कुहिलीचं बी आणि थरथरणारा हात

आंबेनळी घाटाच्या पायथ्यापासून वरंध्यापर्यंत, महाड-पोलादपूरच्या रानाच्या कडेला आणि बांधांवर, पावसाळ्यात एक वेल झपाट्यानं वर चढते. पाऊस सरल्यावर तिला गर्द जांभळ्या फुलांचे घोस लोंबतात आणि थंडी पडता पडता शेंगा धरतात. बोटाएवढ्या, दोन्ही टोकांना वाकलेल्या, वरून सोनेरी-तपकिरी मखमल पांघरल्यासारख्या. ही मखमल म्हणजेच सगळी पीडा. शेंग वाळली की लव नुसत्या वाऱ्यानंही सुटते, आणि लाकूडफाट्याला गेलेल्या बाईच्या किंवा गुराख्याच्या अंगावर पडली की कातडीची आग आग होते. खाजवलं तर ती आणखी पसरते. मग शेण फासायचं आणि वाळल्यावर खरवडून काढायचं, हा गावातला जुना उपाय. हीच कुहिली, खाजकुइली. तिच्या बियांना आयुर्वेदिक औषधांच्या बाजारात कवचबीज म्हणतात.

शेंग फोडली तर आत चार-सहा तुकतुकीत काळपट बिया निघतात. त्यांच्या वजनात साधारण तीन ते सहा टक्के एक रसायन असतं. लेव्होडोपा हे त्याचं नाव. कंपवातावर, म्हणजे पार्किन्सनवर, गेली पन्नासहून अधिक वर्षं सगळ्या जगात मुख्य औषध म्हणून जे दिलं जातं ते हेच. वेल इथली, बी इथलं, रसायनही वेगळं काढलं ते याच देशात. तरी ते औषध आहे हे कळायला मधली तीसेक वर्षं गेली, आणि कळलं तेही कुहिलीकडे बघून नव्हे. त्याला कारण झाली दुसरीच एक भारतीय वनस्पती. ती वाट मुंबईतल्या परळवरून गेली, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

रोग जुना आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरनं १८१७ मध्ये त्याचं पहिलं रीतसर वर्णन लिहिलं: बसल्या जागी थरथरणारा हात, पुढे झुकलेलं अंग, पावलागणिक वाढत जाणारी घाई. आपल्याकडच्या ग्रंथांत वातव्याधींच्या यादीत वेपथू म्हणजे कंप येतो, आणि कुहिलीही येते ती कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता या नावानं. पक्षाघात आणि मानेचा ताठा यांवर सांगितलेल्या माषबलादी काढ्यात उडीद, बला, रास्ना, अश्वगंधा, एरंड यांच्या जोडीला ती आहे. वैद्यांनी बी वापरायची रीतही बसवली होती: गाईच्या दुधात मंद आचेवर शिजवायचं, साल काढायची, वाळवून पूड करायची.

एवढ्यावरून ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ असं म्हणायचा मोह होतो. खरं तर कपिकच्छूचा मोठा बोलबाला होता तो धातुपुष्टीसाठी आणि वाजीकरणासाठी. वानरी गुटिका हा तिचा सगळ्यांत प्रसिद्ध कल्प त्याच कामाचा. मज्जासंस्थेच्या व्याधींत ती दिली जायची, पण अनेक औषधांतलं एक म्हणून. कुठल्या कंपाला ती लागू पडते आणि कुठल्याला नाही, याची निवड ग्रंथांत नाही. युरोपीय डॉक्टरांना तर बियांत रसच नव्हता. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ते शेंगेवरची लव काकवीत किंवा मधात कालवून जंतांवर देत.

रसायनशास्त्र या गोष्टीत शिरलं १९१३ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात. मार्कुस गुगेनहाइम या रसायनज्ञानं बाकल्याच्या शेंगांतून लेव्होडोपा वेगळं काढलं. त्याचा शरीरावर काय परिणाम होतो हे बघायला त्यानं अडीच ग्रॅम स्वतःच गिळलं आणि त्याला जोराच्या ओकाऱ्या झाल्या. जनावरांवरही फारसं काही दिसलं नाही. रसायन निरुपयोगी ठरून बाजूला पडलं. १९३७ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत दामोदरन आणि रामस्वामी यांनी तेच रसायन कुहिलीच्या बियांतून शुद्ध रूपात काढलं आणि ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलं. मेंदूतल्या कुठल्या उणिवेमुळे कंपवात होतो हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्या निबंधाला वनस्पतीतल्या एका अमिनो आम्लाची नोंद यापलीकडे किंमत आली नाही.

ती उणीव उघडकीला आणली सर्पगंधेनं.

सर्पगंधेचं मूळ उत्तर भारतात आणि बंगालमध्ये वेडाच्या झटक्यांवर दिलं जात असे. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहून ठेवलं की त्यानं रोगी शांत होतो आणि रक्तदाबही उतरतो. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी मुळांतली अल्कलॉइडं वेगळी केली आणि हकीम अजमल खानांच्या नावावरून एकाला अजमलिन म्हटलं. पुढचा टप्पा परळचा. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबाच्या रोग्यांवर सर्पगंधा वापरून बघितली, नीट नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध छापला.

त्या काळचं परळ म्हणजे गिरणगाव. कोकणातून, आणि तेव्हा कुलाबा म्हटल्या जाणाऱ्या आजच्या रायगड जिल्ह्यातूनही, गिरणीत नोकरीला आलेला माणूस आजारी पडला की त्याला जवळचं मोठं रुग्णालय केईएमच. वकिलांच्या रोग्यांची गावं कुठली, हे निबंधात शोधून काही उपयोग नाही. पण ज्या शहरानं सर्पगंधा जगापुढे ठेवली, त्या शहराची निम्मी भाकरी त्या वेळी घाटावरून आणि कोकणातून आलेली माणसं कमवत होती, एवढं ध्यानात असू द्यावं.

वकिलांच्या निबंधाकडे पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये बासेलच्याच सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सर्पगंधेतलं मुख्य कार्यकारी द्रव्य काढलं आणि त्याला रेसर्पिन नाव दिलं. न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरलं. काही वर्षांतच रेसर्पिनच्या गोळ्या जगभर गेल्या. १९५७ चा लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन या दोघांच्याही वाट्याला आला. इकडे सर्पगंधेची मुळं रानांतून इतकी उपटली गेली की भारत सरकारला कच्च्या मुळांची निर्यात रोखावी लागली. पुढे १९९० मध्ये ही वनस्पती आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत गेली.

औषध वाढत गेलं तशी त्याची दुसरी बाजूही दिसू लागली. काही रोगी कमालीचे खिन्न होत. काहींचा चेहरा भावहीन व्हायचा, अंग ताठायचं, हात थरथरायचा. बघणाऱ्याला तो थेट पार्किन्सनचा रोगी वाटावा. डॉक्टरांनी हा दुष्परिणाम म्हणून नोंदवला. स्वीडनमधल्या आर्व्हिड कार्लसन यांना त्यात प्रश्न दिसला: रेसर्पिन मेंदूतलं असं काय काढून घेतं, की माणूस जागच्या जागी थिजतो?

१९५७ मध्ये कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांना रेसर्पिन टोचलं. ससे कान पाडून, डोळे मिटत, हलवले तरी न हलणारे असे बसून राहिले. मग त्यांना डोपा टोचलं. तेच डोपा, जे बासेलमध्ये बाकल्यातून आणि मद्रासमध्ये कुहिलीतून निघालं होतं. काही मिनिटांत कान उभे राहिले, ससे हिंडू लागले. एकाच सशाची आधीची आणि नंतरची अशी छायाचित्रं शेजारी शेजारी ठेवली की आजही नवल वाटतं. डोपापासून मेंदूत डोपामिन तयार होतं. रेसर्पिन डोपामिनचा साठा रिकामा करतं आणि डोपा तो पुन्हा भरतं. डोपामिन स्वतः मेंदूच्या वेशीवरच अडवलं जातं, तिथून डोपाला मात्र आत सोडतात, म्हणून औषध व्हायचं ते डोपानंच. या कामाबद्दल कार्लसन यांना नोबेल मिळालं ते २००० साली, त्रेचाळीस वर्षांनी.

पुढचा प्रवास वेगानं झाला. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह होर्नीकीविच यांनी पार्किन्सननं वारलेल्या रोग्यांच्या मेंदूतलं डोपामिन मोजलं. ते नेमक्या जागी जवळजवळ संपलेलं होतं. वर्षभरात त्यांनी आणि वॉल्टर बिर्कमायर यांनी जिवंत रोग्यांना लेव्होडोपा शिरेतून दिलं. अंथरुणाला खिळलेली माणसं काही तास उठून चालू लागली, मग परिणाम ओसरला. तो टिकवायची युक्ती न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवनमध्ये जॉर्ज कोट्झियास यांना सापडली: तोंडावाटे, थोड्यापासून सुरू करून हळूहळू कितीतरी ग्रॅमपर्यंत वाढवत न्यायचं. त्यांचा १९६७ चा निबंध आल्यावर लेव्होडोपा जगभर मान्य झालं. गुगेनहाइमच्या ओकाऱ्यांचा उलगडाही आता झाला होता. पोटात गेलेलं बरंचसं डोपा मेंदूत पोचायच्या आधीच डोपामिन होतं आणि मळमळ आणतं. तेवढं थोपवणारं कार्बिडोपा १९७० च्या दशकात गोळीत मिसळलं गेलं, आणि ग्रॅमनं द्यावं लागणारं औषध मिलिग्रॅमवर आलं.

इथे मुंबई पुन्हा येते. लेव्होडोपा महाग होतं आणि मद्रासचा १९३७ चा निबंध आता वेगळ्याच उजेडात वाचला जाऊ लागला होता. डॉ. अशोक वैद्य, मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवचबीजाची पूडच पार्किन्सनच्या रोग्यांना देऊन बघितली. हे काम १९७८ मध्ये ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त प्रसिद्ध झालं. रोगी तेवीस. दिवसाकाठी सरासरी पंचेचाळीस ग्रॅम पूड, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम लेव्होडोपा. रोग्यांत स्पष्ट सुधारणा दिसली आणि पोटाच्या तक्रारी लेव्होडोपाच्या मानानं कमी आल्या. चाचणी खुली होती. कोणाला काय दिलंय हे रोग्यालाही ठाऊक आणि डॉक्टरलाही, त्यामुळे पुरावा म्हणून तिचं वजन बेताचंच. तरी पिढ्यान्‌पिढ्या धातुपुष्टीला दिलेलं बी नेमक्या रोगावर, नेमकी मात्रा मोजून, आधुनिक मेंदूविकारतज्ज्ञाच्या नजरेखाली वापरायचं, असं आपल्याकडे तोवर फारसं झालं नव्हतं. मला या सगळ्या कथेत हे काम सर्वांत मोलाचं वाटतं. ग्रंथाचा आधार आणि मोजमापाची शिस्त, दोन्ही त्यात एकत्र आली होती.

याच सुमारास महाडच्या बाजूला मज्जासंस्थेशीच एक वेगळी झुंज चालू होती, आणि तीतही वनस्पतीतलं एक औषध होतं, पण उलट्या अर्थानं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावून धडधाकट माणसं, पोरं त्यांच्या डोळ्यांदेखत मरत होती. विंचवाचं विष नसांवर हल्ला करतं, त्या बेभान होऊन शरीरात रसायनांचा पूर सोडतात आणि हृदय कोलमडतं. गावात आघाड्याची मुळी, मंत्र, उतारा. दवाखान्यात बेलाडोना कुळातल्या वनस्पतींतून आलेलं अॅट्रोपिन. बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निरीक्षणं छापली, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं कृत्रिम औषध वेळेत दिलं तर रोगी वाचतो हे दाखवून दिलं. शंभरांतले तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण बोटांवर मोजण्याइतकं उरलं. अॅट्रोपिननं विंचूदंशात हृदयावरचा ताण उलट वाढतो, हेही त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९९२ मध्ये मांडलं. झाडपाल्याचं आहे म्हणून निदान अपाय तरी नाही, ही समजूत ज्यांना तपासून बघायची असेल त्यांना महाडइतकं जवळचं उदाहरण मिळणार नाही.

कुहिलीकडे परत येऊ. १९९० मध्ये अमेरिकेतले भारतीय मेंदूविकारतज्ज्ञ बाला मन्यम यांनी आयुर्वेदातल्या कंपवाताची आणि कपिकच्छूची सांगड दाखवणारं टिपण लिहिलं. १९९५ मध्ये एचपी-२०० नावाच्या पुडीची चाचणी प्रसिद्ध झाली. अनेक केंद्रांवर मिळून साठ रोगी, बारा आठवडे. साडेसात ग्रॅमची पुडी पाण्यात कालवायची आणि दिवसातून तीन ते सहा वेळा प्यायची. पुढे झंडूनं हीच पूड झंडोपा नावानं बाजारात आणली. तिची मात्रा बघितली म्हणजे कार्बिडोपाचं महत्त्व कळतं. गोळी चिमटीत मावते आणि हे पेलाभर दाट पाणी दिवसभर पुन्हा पुन्हा गिळायचं. हाताला कंप असलेल्या माणसानं ते न सांडता प्यायचं, हे आणखी वेगळं.

मग केरळातलं एक काम आलं, २००० सालचं. तिथे अठरा रोग्यांना दुधातून मिश्रण दिलं गेलं: कुहिलीच्या आणि खुरासनी ओव्याच्या बिया, अश्वगंधेची आणि बलेची मुळं. माषबलादी काढ्याची आठवण व्हावी अशीच ही जुळणी. तपासणीत निघालं की एका मात्रेत सुमारे दोनशे मिलिग्रॅम लेव्होडोपा आहे. रोगी सुधारले त्यामागचं कारण असं तराजूवर आलं. २००४ मध्ये लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात आठ रोग्यांवर खरी कसोटी झाली. कोणाला गोळी आणि कोणाला पूड हे झाकून ठेवलेलं. तीस ग्रॅम पुडीचा परिणाम सरासरी पस्तीसेक मिनिटांत सुरू झाला, नेहमीच्या गोळीला त्याच्या दुपटीच्या आसपास वेळ लागला. परिणाम टिकलाही थोडा जास्त. रोगी आठच होते, पण निकाल अनुकूल होता.

याच काळात मेंदूतल्या पेशींचं ‘संरक्षण’ हा शब्द जोरात आला. मन्यम यांच्या गटानं २००४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की कुहिलीच्या बियांनी मेंदूतल्या ज्या काळपट पेशींच्या पट्ट्यात डोपामिन तयार होतं, तिथली रसायनं पुन्हा वर आली. अश्वगंधा, ब्राह्मी, हळदीतलं कर्क्युमिन यांच्यावरही असे कितीतरी प्रयोग झाले. पेशींवर, उंदरांवर, आशादायक. जाहिरातदारांना एवढं पुरतं.

रोग्याच्या मेंदूत मात्र गोष्ट दुसरी आहे. पार्किन्सनची लक्षणं दिसेपर्यंत डोपामिन बनवणाऱ्या पेशी मोठ्या संख्येनं मेलेल्या असतात, आणि उरलेल्याही मरत जातात. लेव्होडोपा त्यांना वाचवत नाही, त्यांनी बनवायचं ते बाहेरून पुरवतं. औषधानं रोगाची चाल बदलते का, हा प्रश्न शुद्ध लेव्होडोपावर मोठ्या चाचण्यांनी तपासला गेला. २००४ मध्ये अमेरिका-कॅनडातली ३६१ रोग्यांची, २०१९ मध्ये नेदरलँड्समधली ४४५ रोग्यांची. पहिलीनं उत्तर अर्धवट सोडलं. दुसरीत औषध लवकर सुरू केल्यानं रोगाची चाल मंदावली नाही, बिघडलीही नाही. कुहिलीच्या अख्ख्या बियांत लेव्होडोपापलीकडे काही संरक्षक आहे की नाही, हे माणसांवर अजून सिद्ध झालेलं नाही.

गरीब देशांसाठी पूड स्वस्त पडेल, म्हणून बोलिव्हियात एका इटालियन गटानं चाचण्या घेतल्या. २०१७ मध्ये अठरा रोग्यांवर एकेका मात्रेचे निकाल गोळीच्या तोडीचे आले. २०१८ मध्ये तीच पूड रोज, कित्येक आठवडे घ्यायची वेळ आली तेव्हा चौदांपैकी सात जणांना ती सोडावी लागली. चौघांचं पोट बिघडलं, तिघांची लक्षणं वाढत गेली.

आज महाडच्या औषध दुकानात मिळणाऱ्या लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळीत वेलीचा अंशही असायची गरज नाही. अमेरिकेतल्या मोन्सँटो कंपनीत विल्यम नोल्स यांनी १९७० च्या दशकात नेमकं हवं त्या घडणीचं लेव्होडोपा कारखान्यात बनवायची रीत शोधली आणि २००१ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. एकाच रसायनाशी निगडित, लागोपाठच्या दोन वर्षांतली ही दोन नोबेलं. कवचबीज मात्र भुकटी, कॅप्सूल आणि ‘मेंदूचं टॉनिक’ म्हणून जगभर विकलं जातंच आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत अशी सोळा उत्पादनं तपासली गेली. एका मात्रेतलं लेव्होडोपा कुठे दोन मिलिग्रॅम होतं, कुठे दोनशे एक्केचाळीस. डॉक्टरची गोळी चालू असताना कुणी ही दुसरी पुडी सोबत घेतली, तर अंग आपोआप वळवळणं, भास होणं किंवा रक्तदाब एकदम उतरणं यांतलं काही झालं तरी नवल नको. पूड घेतल्याचं रोग्यानं सांगितलं नसेल, तर डॉक्टर गोळीच बदलत बसतो.